लग्न होऊ दे, मग बघू

माझी मुलगी दहाव्या महिन्यात चालायला लागली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाई, तुझं लक्ष कुठं होतं? लक्ष तिच्यावरच होतं हो. कधी पालथी पडली, कधी रांगली, कधी पलंगाची कड धरून उभी राहिली, मला सगळं तोंडपाठ आहे. तिच्या वयाची पोरं अजून ढुंगणावर सरकत होती, तेव्हा ही उंबरा ओलांडून अंगणात पोचलेली असायची.

डोक्यानं तर अशी तल्लख की विचारू नका. दोन वर्षांची असताना माझ्या बांगड्यांचा डबा उपडा करायची आणि लाल लालमध्ये, हिरव्या हिरव्यामध्ये लावायची. स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं ज्याची त्याला बरोबर बसवायची. एकदा मी गूळ वरच्या फळीवर ठेवताना तिनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाट, पाटावर डबा, डब्यावर स्वतः, अशी चढून तिनं गूळ काढला. घरातले सगळे पोट धरून हसले. एवढी हुशार पोर, मग बोलत का नाही, हे विचारणारी घरात मी एकटीच होते.

"आमच्या घराण्यात जीभ जडच असते," सासूबाई म्हणाल्या. "तुझा नवरा चार वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आता बघ, त्याचं तोंड बंद होतं का?"

ते खरं होतं. नवरा रावेरला केळीच्या गाड्या भरून देतो. मजूर, ट्रकवाले, व्यापारी, दिवसभर नुसता आरडाओरडा. तरी मी रोज सकाळी वेखंड उगाळून मधातून पोरीच्या जिभेला लावायला लागले. कुणी सांगितलं म्हणून पोपटानं टोचलेला पेरू शोधत मळ्यामळ्यातून हिंडले. हसा, हसा. तुमचं मूल बोलत नसेल तर तुम्ही कावळ्याचं उष्टंसुद्धा आणाल.

कानांचं म्हणाल, तर त्यांची परीक्षाच झाली होती. आमच्याकडे बाळाजवळ पितळी थाळी वाजवून बघतात. बाळ दचकलं म्हणजे कान ठणठणीत. सासूबाई पलंगावर तिच्यासमोर मांडी घालून बसायच्या, थाळीवर लाटणं हाणायच्या, आणि पोरगी दरवेळी डोळे मिटून दचकायची. ती समोर उगारलेल्या लाटण्याला दचकते, पलंगाच्या फळ्या हादरतात म्हणून दचकते, हे मला आज कळतं. तेव्हा मी थाळीवर विश्वास ठेवला. आणि थाळीपेक्षा जास्त विश्वास ठेवला तो माझ्या मैत्रिणीवर.

ती आमच्या गावची अंगणवाडी सेविका. माझं माहेर धुळ्याकडचं, तिचंही तिकडचंच. इथली बोली निराळी. मी नवी नवरी असताना तोंड उघडलं की बायका पदराआड हसायच्या. पहिल्याच आठवड्यात नळावर मागून आवाज आला, "काय व बहीण, कसी शे?" माझ्या हातातला हंडाच सुटला. आठ दिवसांनी माझ्या माहेरचा शब्द ऐकत होते मी. तेव्हापासून ती माझी बहीणच झाली. घरात भाजी काय करायची इथपासून नवऱ्याशी कशावरून बिनसलं इथपर्यंत, तिला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही.

तिची अंगणवाडी आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत भरायची. त्यामुळे माझी पोरगी सहाव्या महिन्यापासून तिच्या मांडीवर वाढली म्हटलं तरी चालेल. ती वजन करायची, उंची मोजायची, कार्डावर रेघ ओढायची, मोबाईलमध्ये नोंद करायची. दर महिन्याला मी विचारायची, "अगं, हिच्या बोलण्याचं काय?" ती कार्ड मिटायची आणि म्हणायची, "बठ्ठं ठीक शे. तू भिऊ नको." शिकलेली बाई, प्रशिक्षण घेतलेली, गावातली सगळी पोरं तिच्या हाताखालून गेलेली. तिनं ठीक म्हटलं की माझा एक महिना सुखात जायचा.

मुलगी दोन वर्षांची झाली आणि घरात नणंदेच्या लग्नाची गडबड सुरू झाली. स्थळ एरंडोलकडचं. मोठं घर, माणसं मानी. मी हौसेनं राबले. रुखवत मांडला, शेवया वळल्या, पाहुण्यांच्या पाया पडून पडून कंबर मोडली. हळदीच्या दिवशी अंगणात डीजे लावला होता, असा की छातीत धडधडावं. पोरगी त्या भोंग्याशेजारच्या गादीवर गाढ झोपली होती. नवऱ्या मुलाकडच्या बायका म्हणाल्या, "किती गुणी लेकरू! बिलकूल कटकट नाही." मी अभिमानानं फुलले. मैत्रीण माझ्या बाजूलाच उभी होती. तिनं झोपलेल्या पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पंगतीत वाढायला निघून गेली. मला वाटलं, किती काम करते बिचारी.

लग्न पार पडलं. पुढचं वर्षही गेलं. पोरगी अंगणवाडीत गाण्यांवर हातवारे करायची, उड्या मारायची, एका पायावर इतरांपेक्षा जास्त वेळ उभी राहायची. फक्त सगळ्यांच्या एक क्षण मागून. शेजारच्या पोराचा हात वर गेला की हिचा जायचा. मी दारातून बघायची आणि विचारायची, ही मागं का राहते? मैत्रीण म्हणायची, "लाजाळू शे ती."

ती साडेतीन वर्षांची असताना एका सकाळी कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. डाळ छताला जाऊन चिकटली. मी किंचाळले, सासूबाई देवघरातून धावत आल्या, गल्लीतली चार माणसं अनवाणी आत शिरली. आणि माझी पोरगी स्वयंपाकघराच्या दारात, ओट्याकडे पाठ करून, दोऱ्यात मणी ओवत बसली होती. तिचा हातसुद्धा थांबला नाही. एक पिवळा, एक निळा, एक पिवळा, एक निळा.

मी तिच्या मागे जाऊन हाक मारली. मग ओरडले. मग वाकून अगदी कानाशी ओरडले, तेव्हा माझा श्वास तिच्या मानेला लागला आणि ती वळून माझ्याकडे बघून गोड हसली. मी तिथंच डाळीच्या सड्यात बसले. सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या छताकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण नवल नव्हतं. हे मी तेव्हा पाहिलं, पण समजलं नंतर.

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता पोरीला कडेवर घेतलं आणि जळगावची एसटी धरली. कान तपासणारी बाई तरुण होती, शांत होती. पोरीला झोपवून डोक्याला तारा लावल्या, मशीनवर रेघा बघितल्या. मग मला खुर्चीवर बसवून म्हणाली, दोन्ही कान, आणि जन्मापासूनच असावं. यंत्रं लावू, शिकवू, बोलेल ती, नक्की बोलेल. पण उशीर झालाय. पहिल्या तीन वर्षांत मूल नुसतं ऐकून ऐकून भाषा गोळा करत असतं, तो काळ हिचा कोरडा गेला. "दोन वर्षांची असताना जरी आणली असती..." एवढं म्हणून ती थांबली, आणि तिनं मला पाणी दिलं.

गावात आल्या आल्या मी घरी नाही गेले, मैत्रिणीकडे गेले. तिच्या गळ्यात पडून रडले. ती माझ्यापेक्षा जास्त रडली. माय व, किती जीव आहे हिचा माझ्या पोरीवर, असं मला वाटलं.

पोरीच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कागद लागत होते, जळगावच्या बाईनं पोरीचं अंगणवाडीतलं कार्डही मागितलं होतं. मी पुढच्या खोलीत गेले तेव्हा मैत्रीण पोरांना खिचडी वाढत होती. "कपाटमा शे, काढी ले," ती म्हणाली. कार्ड सापडलं. त्याच्याखाली तिची कच्ची वही होती. ती आधी सगळं कच्च्या वहीत लिहायची आणि मग तिथून कार्डावर आणि मोबाईलमध्ये उतरवायची. मी सहज चाळली. वहीत माझ्या पोरीचं नाव होतं. त्याखाली तिच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: हाकेला वळत नाही. पाठीमागून टाळी, डबा, शिट्टी, कशालाच नाही. कान तपासायला पाठवणे. आणि त्याच्याखाली वेगळ्या पेनानं: सासूबाईंना सांगितले.

वर महिना होता. नणंदेच्या लग्नाच्या दोन महिने आधीचा.

कार्डावर त्याच महिन्यात सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या. ऐकते, बरोबर. दोन शब्द जोडून बोलते, बरोबर.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती तेव्हा गेली. मी वही तिच्यासमोर धरली. तिच्या हातात खिचडीची पळी तशीच राहिली. पोरं ताटल्या पुढे करत होती.

"मी तुना सासूले सांगेल व्हतं," ती हळूच म्हणाली. "त्या बोलन्या, लगीन होऊ दे, मंग बघू. कोनले सांगशी तं खोली खाली कर."

"आणि लग्नानंतर?" मी विचारलं. माहेरची बोली माझ्या तोंडात येईना. "दीड वर्ष झालं. रोज माझ्या हातचा चहा पीत होतीस. रोज!"

"मन्ही हिंमत नही व्हयनी व बहीण."

बहीण! केसानं गळा कापायचा आणि वर बहीण म्हणायचं. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही, समोर लहान पोरं होती याची आजही लाज वाटते. शेवटी ती म्हणाली, "तुना मालकले बी माहीत शे. त्यासलेच इचार."

नवरा दुपारी जेवायला आला. मी ताट वाढलं आणि वही ताटाशेजारी ठेवली. त्यानं वाचली. भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"आई म्हणाली, दोनच महिने," तो म्हणाला. "लग्न होऊन जाऊ दे. मग दिवाळसण आला. मग ताईला दिवस गेले, म्हटलं तिला आता ताप नको. आणि मला खरंच वाटत होतं गं, बोलेल ती. मी नाही का उशिरा बोललो?"

"मला का नाही सांगितलं?"

"तू लगेच जळगाव गाठलं असतं."

ऐका! हा माझा गुन्हा. मी लगेच जळगाव गाठलं असतं, म्हणून मला सांगायचं नाही. पोरीच्या आईलाच तेवढं सांगायचं नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते. बहिरी पोर घरात आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं असतं, रक्तातच आहे का? मग माझी पोर कुठं गेली असती? तुला एक मुलगी आहे, मलाही एकच आहे."

या बोलण्याचा मला आजही राग येतो. कारण बाई खोटं बोलत नव्हती. तिनं दोन मुली तराजूत घातल्या आणि आपली उचलली. मीही कदाचित माझीच उचलली असती. पण माझ्या पोरीचं पारडं धरायला तिथं कुणीच नव्हतं, मला बोलावलंच नव्हतं.

मी अबोला धरला. माहेरी निघून जावं असंही मनात आलं, पिशवीसुद्धा भरली होती. पण धुळ्याहून दर आठवड्याला जळगाव कसं करणार, म्हणून परत उपसली. मात्र त्या घरात कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, असं ठरवलं. ताट आपटून वाढायचं, निरोप असेल तर भिंतीकडे बघून सांगायचा. आमच्याकडच्या बायकांना ही विद्या लहानपणापासून येते. माझ्या आत्यानं जावेशी नऊ वर्षं धरला होता. मी तिचा विक्रम मोडायच्या तयारीत होते. पुढच्या खोलीतून मैत्रिणीचा आवाज आला की मी दार लावून घ्यायची.

पोरीला यंत्रं लागली. पहिल्या दिवशी पंखा लावला तर ती पंख्याकडे बोट दाखवून रडली. भांडं पडलं की माझ्या पोटात तोंड खुपसायची. हळूहळू सरावली. आठवड्यातून एकदा जळगावला जायचं, तिथं दुसरी एक बाई शिकवायची, आणि घरी करायचा अभ्यास आम्हाला द्यायची. जे करता ते बोलून करा. पाणी ओतताना पाणी म्हणा. तिनं काही म्हटलं की तेच नीट, स्पष्ट, परत म्हणून दाखवा, म्हणजे तिला कळेल की आपलं बोलणं पोचलं. मी सगळं करायची. छातीवर हात ठेवून दिवसातून शंभरदा म्हणायची, "आई. मी आई."

दोन महिने झाले तरी काही फरक नाही. ती बाई चक्रावली. मग तिनं विचारलं, "घरात कोण कोण बोलतं?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

"म्हणजे?"

"आमच्याकडे बोलणं बंद आहे."

तिनं पेन खाली ठेवलं. "हे बघा ताई, मूल नुसते शब्द पाठ करून भाषा शिकत नाही. एक माणूस विचारतो, दुसरा उत्तर देतो, ते ऐकून शिकतं. तुमच्या घरातली भांडणं मला माहीत नाहीत. पण ही आधीच साडेतीन वर्षं शांततेत राहिलेली आहे. आता तुम्हीही घर शांत ठेवलंत तर ती काय ऐकणार?"

परतीच्या एसटीत पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती आणि मी खिडकीबाहेर बघत दात खात होते. माझ्याकडे उरलेली एकच गोष्ट होती, राग. आणि तीही हिच्यासाठी खाली ठेवायची.

त्या संध्याकाळी मी पोरीला ओट्यावर समोर बसवलं, तिला माझा चेहरा दिसेल अशी उभी राहिले आणि म्हणाले, "आई, तुम्हाला भाकर वाढू का?"

सासूबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. त्यांना वाटलं, मी माफ केलं. पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "वाढ गं माझी बाय." दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, सून किती मोठ्या मनाची. मोठं मन कसलं डोंबलाचं! माझ्या मनात काय चाललं होतं ते माझं मला माहीत. पण मी रोज विचारायची, गोड आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून. आई, चहा घेता का? आई, ऊन लागतंय, आत या. आई, हे औषध घ्या. त्या उत्तर द्यायच्या, नवरा मध्ये बोलायचा, "आई, आज पोळ्या छान झाल्यात." नणंदेचा फोन यायचा, स्पीकरवर, "आई, कशी आहेस?" शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं की हिला आता पोरांत मिसळू द्या, म्हणून मी पुढच्या खोलीचं दारही उघडलं आणि मैत्रिणीला म्हटलं, "ये. चहा टाकलाय." ती आली, कप हातात धरून बसली. आम्ही पावसापाण्यावर बोललो. तिनं माहेरच्या बोलीत एक वाक्य टाकून पाहिलं. मी उत्तर दिलं, पण इथल्या बोलीत.

असे चार महिने गेले. एका सकाळी मी पोळ्या लाटत होते, सासूबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. पोरगी उठली, कानामागचं यंत्र बोटानं सारखं केलं, आणि चालत त्यांच्यापाशी गेली. त्यांचा पदर ओढला. मेथीची एक काडी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, "आई."

स्पष्ट म्हणाली. पहिला शब्द. चार वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो.

माझं लाटणं थांबलं. सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. पोरीचं काय चुकलं? या घरात सगळेच ज्या बाईला आई म्हणतात, तिलाच तीही म्हणाली. मी छाती बडवून शंभरदा सांगितलं होतं, पण ते शिकवणं होतं. खरी हाक तिनं जी ऐकली ती माझ्याच तोंडून ऐकली, आणि ती यांना मारलेली होती.

"नाही गं," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या, "मी आजी. आई ती, ती बघ..."

पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळायला लागलं. तिनं सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आपलं बोलणं पोचलं की नाही, ते ती शोधत होती.

मी हात पुसले. तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, माझे ओठ तिला नीट दिसतील असं तोंड वर केलं, सासूबाईंकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हो. आई."